प्यूजो इंजिनच्या एमएम ५४० मध्ये बीएमडब्ल्यूचा ८ स्पीड ऑटोमॅटिक टाकावा का?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. १९९० ची महिंद्रा एमएम ५४०, प्यूजोचं २.१ लिटर डिझेल, ४ गिअर, फोर बाय फोर चालू आहे. बाबा इंदूरहून चोरलकडच्या शेतावर अजून स्वतः जीप घेऊन जातात पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर क्लच दाबवत नाही. देवासला एका कबाड्याकडे अपघातातल्या बीएमडब्ल्यू ५२०डी चा ८ स्पीड गिअरबॉक्स स्वस्तात मिळतोय, तर अडॅप्टर प्लेट (इंजिन आणि परक्या गिअरबॉक्समधली जोडपट्टी) बनवून तो जीपला बसेल का, आणि पावसाळ्यात ऑफरोडला चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

प्लेट बनेल. सांवेर रोडला किंवा पिथमपूरला ड्रॉइंग नीट दिलं तर कुठलाही बरा सीएनसीवाला कापून देईल, त्यात काही विशेष नाही. पण गिअरबॉक्स बसणं आणि गिअरबॉक्स चालणं यात फार फरक आहे, आणि तुमच्या केसमध्ये माझं स्पष्ट मत आहे की तो गिअरबॉक्स घेऊ नका. का ते सविस्तर सांगतो, कारण नुसतं नाही म्हटलं तर उद्या दुसरा कोणीतरी हो म्हणेल आणि तुमचे पैसे अडकतील. माझं काम जुन्या फोर बाय फोरचंच आहे, असे अर्धवट सोडलेले प्रोजेक्ट ट्रकवर लादून माझ्याकडे येतात, आणि बहुतेकांत गिअरबॉक्स चांगलाच असतो, बाकीचं सगळं अडलेलं असतं.

पहिली गोष्ट, आजकालचा ऑटोमॅटिक एकटा काम करत नाही. जुन्या हायड्रॉलिक ऑटोमॅटिकला एक केबल ॲक्सिलरेटरशी जोडली, प्रेशर सेट केलं की तो आपल्या आपण गिअर टाकायचा. ८ एचपी, म्हणजे बीएमडब्ल्यूतला हाच झेडएफ कंपनीचा ८ स्पीड, तसा नाही. त्याचं डोकं, म्हणजे व्हॉल्व्ह बॉडी आणि कॉम्प्युटर, गिअरबॉक्सच्या आतच तेलात बसवलेलं आहे, आणि ते इंजिनच्या ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सतत विचारत असतं की आत्ता टॉर्क किती, पेडल किती दाबलंय, आरपीएम किती, शिफ्ट करताना थोडा टॉर्क कमी करशील का. तुमच्या प्यूजोला ईसीयूच नाही. मेकॅनिकल पंप, एक लिव्हर, एक केबल. विचारणारा आहे, उत्तर देणारा कोणी नाही. उत्तर मिळालं नाही की गिअरबॉक्स स्वतःला वाचवायला एका गिअरमध्ये अडकून बसतो, ज्याला लिम्प मोड म्हणतात.

यावर इलाज नाही असं नाही. बाहेरचे कंट्रोलर मिळतात, पोलंडचा टर्बोलॅमिक ८ एचपीसाठी प्रसिद्ध आहे, चांगली वस्तू आहे. पण कंट्रोलरलाही माहिती लागतेच. मग पंपाच्या लिव्हरवर थ्रॉटल पोझिशन सेन्सर बसवा, अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून नाहीतर फ्लायव्हीलवर सेन्सर लावून आरपीएम घ्या, आणि मग लॅपटॉप घेऊन टॉर्कचा तक्ता अंदाजाने भरा. डिझेलला लिव्हर अर्धा दाबला म्हणजे टॉर्क अर्धा असं सरळ गणित नसतं, डिझेल कमी-जास्त करणारा गव्हर्नर मधे असतो, त्यामुळे ट्यूनिंगला फार वेळ जातो. कोणी तरुण मुलगा हौसेने करत असेल तर मी स्वतः मदत करेन. पण ही गाडी बाबांनी शेतावर न्यायची आहे, आणि रस्त्यात डॅशवर लाइट लागला तर सिमरोलचा मिस्त्री काय करणार?

दुसरी गोष्ट टॉर्क कन्व्हर्टरची (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी तेलातून ताकद पुढे देणारा भाग), आणि ही फार लोक विसरतात. ब्रेक गच्च दाबून, डी मध्ये टाकून पूर्ण रेस दिली तर इंजिन ज्या आरपीएमला जाऊन अडकतं त्याला स्टॉल स्पीड म्हणतात. हा आकडा नुसत्या कन्व्हर्टरचा नसतो, मागे इंजिन कुठलं आहे त्यावर ठरतो, ढोबळपणे टॉर्कच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. ५२०डी चं इंजिन ३८० न्यूटन मीटरचं, तुमचं प्यूजो १२० च्या आसपास. म्हणजे तिथे समजा २००० ला स्टॉल होत असेल तर तुमच्याकडे साधारण ११०० ला होणार. आणि ११०० आरपीएमला प्यूजोमध्ये असतं काय? ६२ हॉर्सपॉवरचं इंजिन, तो दम पण वरच्या आरपीएमला. त्यामुळे पेडल पूर्ण दाबलं तरी इंजिन रेव्ह घेणार नाही, गुरगुरत बसेल, काळा धूर सोडेल आणि जीप चढावर हळूहळू सरकेल. गिअर आठ असले तरी सुरुवातच दबलेली. कन्व्हर्टर उघडून स्टॉल बदलता येतो, पण ते काम बाहेर पाठवावं लागतं आणि वेळखाऊ आहे.

तिसरी, खास तुमच्या ऑफरोडच्या प्रश्नासाठी. बीएमडब्ल्यूच्या ८ एचपीला पार्क मेकॅनिकल दांड्याने लागत नाही, स्प्रिंगने लागतो आणि तेलाच्या प्रेशरने सुटतो. नाल्यात इंजिन बंद पडलं आणि करंट गेला की गिअरबॉक्स पार्कमध्ये लॉक. मागून दोरी लावून ओढणार कसं? हाताने सोडवायची सोय असते पण चिखलात खाली झोपून ती करायची. आणि तेलाचा सम्प, म्हणजे गिअरबॉक्सखालचं तेलाचं भांडं, प्लास्टिकचा, फिल्टर त्यातच. पातालपाणीच्या बाजूला खडकाळ वाटांवर गाडी घातली असेल तर तुम्हाला कळेल मी काय म्हणतोय. शिवाय आपल्याकडची ५२०डी नुसती मागच्या चाकांवर चालणारी गाडी, तिच्या गिअरबॉक्सच्या शेपटीला ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) लावायची सोयच नाही. बेल हाउसिंगही (इंजिनला जोडला जाणारा पुढचा घंटेसारखा भाग) बॉडीबरोबर एकसंध ओतलेलं, खोलून दुसरं लावता येत नाही.

आता जीपच्या बाजूने बघू, कारण खरा खर्च तिथे आहे. तुमच्या जीपचा ट्रान्सफर केस जुन्या डाना १८ च्या धर्तीचा, गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटलेला, आणि मागचं आउटपुट मधोमध नाही, बाजूला. म्हणून मागचा डिफरन्शियलचा गोळाही एका बाजूला आहे, खाली वाकून बघा. नव्या गाड्यांच्या ट्रान्सफर केसचं मागचं आउटपुट मध्यावर येतं. म्हणजे नवा ट्रान्सफर लावला की मागचा एक्सलही बदलणार. पुढचं आउटपुट डावीकडे पडतं की उजवीकडे तेही तुमच्या पुढच्या गोळ्याशी जुळायला हवं. जुना डाना ठेवायचा तर गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट नव्याने बनवून स्प्लाइन (शाफ्टवरच्या दातेरी खाचा) कापून घ्यावी लागते, आणि तो शाफ्ट साध्या लोखंडाचा चालत नाही, चांगलं स्टील आणि नीट हीट ट्रीटमेंट लागते, नाहीतर पहिल्याच लो गिअरच्या चढाला पिळतो.

मग लांबी. एमएम ५४० चा व्हीलबेस ९१ इंच. कन्व्हर्टर, गिअरबॉक्स, अडॅप्टर, ट्रान्सफर, एकामागे एक लावत गेलो की मागचा प्रोपेलर शाफ्ट वीतभर उरतो. शाफ्ट आखूड झाला की जॉइंटचा कोन वाढतो, पाटे दबले-उघडले की अजून वाढतो, आणि ६० च्या पुढे सीटखालून थरथर सुरू होते. मी नेहमी गाडी चाकांवर उभी असताना, म्हणजे जॅकवर नाही, मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप फ्लँजवर ठेवून दोन्ही टोकांचे कोन मोजतो. साध्या क्रॉसच्या शाफ्टला दोन्ही टोकांना सारखे आणि शक्यतो ३ अंशांच्या आत कोन हवेत. जीपमध्ये ३ मिळणं कठीण असतं, पण सारखे तरी मिळालेच पाहिजेत.

क्राउन पिनियनचं (डिफरन्शियलमधल्या गिअरचं प्रमाण) गणितही एकदा करून बघा, ऑटोमॅटिकचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनचे फेरे कमी करणारा सगळ्यात वरचा गिअर, खरंच किती कामाचा आहे ते कळतं. समजा तुमचं क्राउन पिनियन ५.३८ आहे (कागदावर विश्वास ठेवू नका, चाक फिरवून मोजा, जुन्या जीपांत अदलाबदल फार झालेली असते) आणि टायर २९ इंची. ८० च्या स्पीडला चाक मिनिटाला साधारण ५७५ फेरे घेतं, म्हणजे डायरेक्ट गिअरमध्ये इंजिन ३१०० वर. म्हणूनच बायपासला जीप ओरडते. टोयोटाच्या ए३४० ऑटोमॅटिकसारखा ०.७०५ चा ओव्हरड्राइव्ह असेल तर तेच २२०० च्या आत येतं, मर्सिडीजच्या ५ स्पीडच्या ०.८३ ने २६०० च्या जरा खाली. ८ एचपीचा ०.६६७ कागदावर अजून छान दिसतो, पण ६२ घोड्यांना तो गिअर सपाटीवर सुद्धा झेपत नाही, समोरून वारा आला की खाली उतरणार, परत वर, परत खाली. जीप हवेला भिंतीसारखी आडवी येते हे ८ गिअरवाल्यांच्या लक्षात राहत नाही.

आता उष्णता, जी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. ऑटोमॅटिक मरतो तो उष्णतेनं. कन्व्हर्टर जेव्हा घसरत असतो, म्हणजे कमी स्पीड आणि जास्त जोर, तेव्हा इंजिनची ताकद चाकांकडे न जाता तेल तापवते. आपल्या माळव्यातली काळी माती पावसाळ्यात चाकाला चिकटून टायर गुळगुळीत करते, गाडी जागेवर रेटत राहते, हवा लागत नाही, आणि १० मिनिटांत तेल ८०-९० डिग्रीवरून १२० च्या वर जाऊ शकतं. त्यापुढे तेल करपतं, सील कडक होतात. डिपस्टिक काढून पांढऱ्या फडक्यावर पुसली तर चांगलं तेल लालसर पारदर्शक दिसतं, करपलेलं तपकिरी, आणि वास असा की एकदा घेतला की विसरत नाही. म्हणून ऑफरोडला ऑटोमॅटिक टाकायचा तर रेडिएटरच्या आतल्या कूलरवर भागत नाही, वेगळा प्लेटवाला कूलर, त्याला स्वतःचा पंखा, आणि गिअरबॉक्सातून तेल बाहेर पडणाऱ्या लाइनवर टेम्परेचर मीटर, ड्रायव्हरला दिसेल असा. सम्पमधलं टेम्परेचर उशिरा सांगतं. मेमध्ये इंदूरला बाहेरच ४२-४३ असतं हेही धरून कूलर मोठा घ्या. आणि हो, ट्रान्सफर लो मध्ये टाकून चाला, हाय मध्ये रेटू नका, ऑटोमॅटिक असला तरी लो गिअर त्यासाठीच आहे, कन्व्हर्टर कमी घसरतो.

उताराचंही बोलतो. खंडव्याकडून येता-जाता भेरूघाट लागतो. मॅन्युअलला दुसऱ्यात टाकलं की इंजिन धरून ठेवतं, ऑटोमॅटिकला लॉकअप (कन्व्हर्टर न घसरता सरळ जोडणारा आतला क्लच) नसेल तर कन्व्हर्टर मधल्यामध्ये सोडतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तुमच्या जीपला चारी ड्रम असतील तर आधी ब्रेकचं बघा. शिवाय जुन्या जीपांना हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफरच्या मागच्या आउटपुटवर असतो. ट्रान्सफर बदलला की हँडब्रेक गेला. आणि लोक म्हणतात पार्क आहे ना. पार्क गिअरबॉक्सला धरतो, चाकांना नाही. ट्रान्सफर न्यूट्रलला राहिला आणि गाडी उतारावर असली तर पी मध्ये असूनही जीप निघून जाईल. वयस्क माणसाच्या हातात गाडी देताना ही गोष्ट हलकी घेऊ नका. धक्का स्टार्टही विसरायचा, इंजिन बंद असताना पंप फिरत नाही म्हणून ते होतच नाही.

मग करायचं काय? हे तुमच्या बाबांवर अवलंबून आहे, आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीत, गुडघा डावा की उजवा? डावा असेल तर क्लच हाच त्रास. उजवा असेल तर ऑटोमॅटिकने काही सुटत नाही, ब्रेक तर उजव्यानेच मारायचा, मग आधी चांगला बूस्टर आणि पुढे डिस्क. दोन्ही असतील तर गाडीत चढायची पायरी आणि पॉवर स्टिअरिंग याचाही विचार करा, कारण स्टिअरिंग जड असलं की माणूस शरीर तिरकं करून पायावर जोर देतो.

डावाच असेल तर माझा पहिला सल्ला हायड्रॉलिक क्लचचा. तुमच्या जीपला अजून लिंकेजचा क्लच असेल तर निम्मा जडपणा घासलेल्या पिनांचा, वाळलेल्या बुशांचा आणि दबलेल्या फोर्कच्या पिव्हटचा असतो. ते सगळं नवं करून, नंतरच्या महिंद्रा जीपांचा पेडल, मास्टर सिलिंडर आणि स्लेव्ह सिलिंडर बसवला, प्रेशर प्लेट बदलताना चांगल्या कंपनीची डायफ्रॅमवाली घेतली, की पेडल इतकं हलकं होतं की लोकांना आधी वाटतं क्लच तुटलाय. खर्च ऑटोमॅटिकच्या मानाने किरकोळ. गाडी ओरिजिनल राहते, कुठल्याही गावात दुरुस्त होते. बाबांना आठवडाभर चालवू द्या, मग ठरवा.

तरी ऑटोमॅटिकच हवा असेल, तर दोन वाटा. एक, इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर, ईसीयू, वायरिंग, पेडल, किल्ली, मीटर, सगळं एकाच गाडीतून. २०२० च्या थारचा २.२ डिझेल आणि आयसिनचा ६ स्पीड हा सेट एकमेकांसाठीच ट्यून केलेला आहे, कोणी कोणाला शोधत बसत नाही. पण तो ३०० न्यूटन मीटरचा, तुमचे एक्सल, शाफ्ट, ब्रेक त्यासाठी नाहीत, ते सगळं बदलणार. हिशोब केला तर थार ऑटोमॅटिकच विकत घेणं जास्त शहाणपणाचं ठरतं आणि जीप जशी आहे तशी घरी राहील. आणि इंजिन बदलताना आरटीओची आधी परवानगी लागते हे लक्षात ठेवा. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळं होईल असा बदल गाडीत करता येत नाही. आरसीवर इंजिन नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो, पण इन्शुरन्सवाल्याला लेखी कळवलेलं बरं. जुन्या गाडीचं १५ वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी फिटनेस दाखवूनच रिन्यू होतं, तिथे अडकू नका.

दुसरी वाट, प्यूजो ठेवायचाच असेल, तर मर्सिडीजचा ५ स्पीड ७२२.६ शोधा. २०१२ पासून महिंद्राने सँगयाँग रेक्स्टन विकली, तिच्या वरच्या आरएक्स ७ मॉडेलला मर्सिडीजचाच ५ स्पीड ऑटोमॅटिक होता. याचं बेल हाउसिंग वेगळं सुटतं म्हणून अडॅप्टर सोपा, गिअर लिव्हर आणि पार्क मेकॅनिकल, कॉम्प्युटर बाहेर म्हणून बाहेरचा कंट्रोलर लावणं सरळ. घेताना बाजूचा गोल इलेक्ट्रिक कनेक्टर काढून आत तेल आहे का बघा, तिथली ओ रिंग गेली की तेल वायरीच्या आतून चढत कॉम्प्युटरपर्यंत जातं. वायरिंग कापून दिलेलं असेल तर घेऊच नका. स्टॉलचा प्रश्न इथेही राहतोच, कन्व्हर्टर बदलून घ्यावा लागेल.

बसवताना एक जागा अशी आहे जिथे घाई केली की गिअरबॉक्स पहिल्या सेल्फलाच जातो. बेल हाउसिंगचे बोल्ट पूर्ण आवळल्यावर, फ्लेक्सप्लेटला (क्रँकच्या टोकाची पातळ प्लेट) जोडायच्या आधी, कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि पुढे ओढल्यावर प्लेटपर्यंत ३ ते ५ मिलिमीटर गॅप दिसली पाहिजे. गॅप नसेल आणि बोल्ट आवळूनच हाउसिंग जवळ आणलं, तर आतला पंप फुटलाच म्हणून समजा. अडॅप्टर प्लेटचं सेंटरही डायल गेज लावून बघा, क्रँकवर गेज बसवून पूर्ण फेरा फिरवा, पाव मिलिमीटरच्या आत पाहिजे, मी त्याच्याही निम्म्यावर आल्याशिवाय पुढे जात नाही. लेथवाला म्हणेल प्लेट बरोबर आहे. असेलही, तरी स्वतः मोजा.

तर आता कबाड्याला ॲडव्हान्स देऊ नका. या रविवारी चार गोष्टी बघा: क्लच पेडलला खालून लिंकेज आहे की सिलिंडर, फोर्कच्या पिव्हटला किती ढील, क्राउन पिनियनचा खरा आकडा, आणि मागच्या आउटपुट फ्लँजपासून डिफरन्शियलच्या फ्लँजपर्यंतचं अंतर गाडी चाकांवर असताना. आणि बाबांचा गुडघा कुठला ते. एवढं कळवलंत की हायड्रॉलिक क्लचसाठी नेमके कुठले पार्ट लागतील ते मी नावानिशी लिहून देतो.